निळा कोपरा

दिवसा मी न्हावी. रात्री
ओक्पोटीच्या भुवयांचा राखणदार.
आक्रात, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दुकानामागच्या अंगणात त्याची पिशवी टांगली आहे:
तांदळाचं पोतं, आत वाळू आणि फाटकी जाळी.

जाहिरातीत त्याचं नाव तळाशी असतं,
कधी अक्षरं चुकलेली.
वरचा मोठा फोटो दुसऱ्याचा.
तिकिटं विकणाऱ्याला असा माणूस लागतो
जो आठ फेऱ्या उभा राहील
आणि वेळेवर हरेल, कुरकुर न करता.
पोरं खेळताना धाकट्याला घेतात ना,
लिंबूटिंबू म्हणून,
बाद झाला तरी चालतो, जिंकला तरी धरत नाहीत,
तसा.
फक्त ह्याला मार खरा लागतो.

माझ्या वहीत: विजय चार.
पराभव एकसष्ट. एक लढत अनिर्णित,
तीही वादळात मांडव पडला म्हणून.

एकदा मीच म्हटलं, तिसऱ्या फेरीत आडवा हो,
पैसे तेवढेच. घरी जाऊन गरम केंके खाऊ.
तो माझ्या वस्तऱ्याकडे बघत राहिला.
"गिऱ्हाईक गरीब असलं
तर तू अर्धी दाढी ठेवतोस का?"

शनिवारी समोर आयिकू.
एकोणीस वर्षांचा, बूट नवे, मागे ढोलवाले,
सोळा लढती, सोळा जण आडवे केलेले.
आमचा अडतिशीचा. पहाटे होडीवर जाळं ओढून आलेला.
पट्ट्या बांधताना त्याच्या बोटांना
बांगड्यांचा वास येत होता, माशांच्या.

पहिल्या दोन फेऱ्या नुसती धुलाई.
तिसरीत डावी भुवई उघडली.
मी कापूस दाबला, व्हॅसलीन लिंपलं.
तो म्हणाला, "पोरगा तोंडाने श्वास घेतोय."
चौथीत काही बोलला नाही.
पाचवीत पाणी मागितलं आणि थुंकलं.

सहावीत आयिकूने उजवा टाकला
आणि कोपर घरी आणायला उशीर केला.
वीतभर फट.
एकसष्ट हरलेल्या रात्रींत पै पै करून जमवलेला एक ठोसा
ओक्पोटीने बरगड्यांखाली ठेवला,
जुनी उधारी चुकती करताना
नाणी ठेवतात तसा. मोजून.

ढोल थांबले.
त्या हॉलमध्ये पंखा आहे
हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं.

पोरगा आठच्या मोजणीला उठला.
चांगला आहे तो. उठणारच होता.
उरलेल्या दोन फेऱ्या दोघांनी
एकमेकांना धरून, ढकलून, कशाबशा संपवल्या
आणि हात वर झाला तो लाल कोपऱ्याचा.

मागे, जिथे खुर्च्या रचून ठेवतात,
मी टाके घालत होतो. तिसरा टाका.
आयिकू आला, अनवाणी, बूट हातात.
"काका, तुम्हाला कुठे दिसलं?"

मी असतो तर म्हटलं असतं, आधी पैसे काढ.
ओक्पोटी उठला, दोरा भुवईला लोंबत,
पोराचं कोपर धरलं. हे. असं. लवकर घरी.
पुन्हा.
पुन्हा.
दहाव्या वेळी फट मिटली.
"संपलं," तो हसला, फुटक्या ओठाने जमेल तेवढं,
"आता मलासुद्धा सापडायचं नाही."

त्याची डेडेई दारात जागी होती.
जिंकलास का, असं ती कधी विचारत नाही.
"पडलास?"
"नाही."
"मग हात धू."

आज मंगळवार. आमच्याकडे मंगळवारी
समुद्राला सुट्टी, होडी कुणी घालत नाही.
अंगणात पोत्यावर धप धप चालू आहे,
मी सांगितलं होतं टाके सुकू दे,
ऐकेल तर तो ओक्पोटी कसला.
वहीत बासष्ट लिहिलं.
पलीकडे शेऱ्याचा एक रकाना आहे,
इतकी वर्षं कोराच होता, काय लिहायचं त्यात.
गिऱ्हाईक थांबलंय, फेस वाळतोय.
लिहिलं:
सहावी फेरी. पंखा ऐकू आला.