ताटलीत साचलेलं पाणी

तैपिंगच्या सरकारी दवाखान्यात
माझ्या हाताखाली वाफेची तीन कपाटं आहेत.
पहाटे साडेचारला पहिलं उघडते
तेव्हा चष्म्यासकट घटकाभर आंधळी होते.
मग हळूहळू दिसू लागतात तुकडे:
पांढरे, चौकोनी, बिनडोक्याचे, बिनकाट्यांचे,
माणशी ऐंशी ग्रॅम.

भिंतीवर तमिळसेल्वीबाईंचा तक्ता आहे.
प्रथिनं सोळा ग्रॅम. स्निग्ध एक. मीठ नावाला.
तळला तर असं, उकळला तर तसं,
वाफवला तर जवळजवळ सगळं जिथल्या तिथे.
त्या ‘जवळजवळ’वर माझी नोकरी चालते.

चौदा नंबरची ताटली मात्र भरलेलीच परत यायची.
आंग बून हेंग. वय एक्क्याऐंशी. कुआला कुराउचा कोळी.
पोटावर वीतभर टाके, आणि जखम
तोंड मिटायला तयार नाही.
“अल्ब्युमिन दोन पूर्णांक तीन,” बाई म्हणाल्या,
“झैतून, काहीही कर, पण त्याच्या पोटात मासा जाऊ दे.”

ताटली घेऊन मीच वर गेले.
म्हातारा म्हणाला, “याला डोळे कुठायत?
डोळे नसलेल्याशी ओळख कशी काढू मी?
कधी मेला, शिजला की नाही,
सगळं मासा डोळ्यांनीच सांगतो.”
मग चमच्याने तुकडा उचलून खाली पाहिलं.
“आणि पाणी? याचं पाणी कुणी प्यायलं?”

कुणीच नाही, आजोबा.
नियमाप्रमाणे मी ते मोरीत ओतते.
रोज दोनशे ताटांचं.
सव्वीस वर्षं.

शुक्रवारी बाजारातून मरळ आणली, जिवंत,
माझ्या पैशांची.
बसमध्ये तिने पिशवीला अशा धडका दिल्या
की शेजारची बाई उठून उभीच राहिली.
आलं बोटभर, पातीचा कांदा, मीठ नाही.
झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे पाठ केली,
कारण आई मिनिटं मोजत नसे, वास मोजायची:
आधी चिखलाचा, मग आल्याचा, मग कसलाच नाही.
त्या कसलाच-नाहीला
झाकण काढ, म्हणायची.

डोळे साबुदाण्यासारखे टपोरे, पांढरे झाले होते.
काट्यांसाठी बाईंनी कागदावर सही केली
आणि सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही.
पाणी मी चहाच्या कपात वेगळं दिलं.

तो आधी तेच प्यायला, दोन्ही हातांनी,
कपाच्या बुडाशी राहिलेलं आलंही चावलं.
मग वरची बाजू खाल्ली.
मग शेपटीकडून धरून अख्खा मणका उचलला,
भिंतीला लावलेली शिडी काढून घ्यावी तसा,
आणि खालची बाजू खाल्ली.
मासा पालथा केला नाही.
“पालथा केला की होडी उलटते.”
होडी तर विकलीत तुम्ही, मी म्हटलं.
“दुसऱ्यांच्या आहेत ना पाण्यात.”

त्यानंतर आणखी दोनदा आणली.
नवव्या दिवशी दोन पूर्णांक सात.
सलाइनमधूनही प्रथिनं चालू होती,
माशाचंच श्रेय म्हणता येणार नाही, बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, बरं.
सोमवारी त्याचा पुतण्या येऊन त्याला घेऊन गेला.
जखम मिटली की नाही, मला कुणी कळवलं नाही.

तक्ता भिंतीवर तसाच आहे.
त्यात पाण्याचा रकाना नाही.
पण मोरीत ओतत नाही मी आता.
पहाटे, बाकीचे यायच्या आत,
बारा नंबरच्या पेजेत घालते, सतराच्या,
आणि त्या बाळंतिणीच्या, जी काहीच मागत नाही.

काल ती म्हणाली, आज पेजेला कसला तरी वास आहे.
मी विचारलं, कसला?
ती थोडा वेळ थांबली, मग म्हणाली,
कसलाच नाही.