निव्वळ

साकोलीच्या वाटेवर, पिंपळडोहाच्या फाट्याशी
काचेच्या खोलीत मी बसतो.
ट्रक चढतो काट्यावर, लाल आकडे धावतात,
दम खातात, थांबतात.
भरलेला वजा रिकामा : निव्वळ.
सात वर्षं हे एकच गणित करतो
आणि त्याचाच पगार घेतो.

मका येतो, कणी येते,
भिजलेलं, बुरशी धरलेलं, माणसानं नाकारलेलं धान्य येतं.
रहांगडाले मॅडम पोत्यात बंबी खुपसतात,
ओलावा चौदाच्या वर गेला
की कुणाकडे न बघता भाव कापतात.
टनाला तीनशे ऐंशी लिटर, त्या म्हणतात.
चोथा वाळवून ढोरांना,
वाफ आभाळाला, तिचं बिल नाही.

लिटरचा भाव दिल्लीत ठरतो, वर्षातून एकदा.
मक्याचा दर सोमवारी, बाजारात.
या दोन भावांमधल्या फटीत
आमचा अख्खा कारखाना उभा आहे, चिमणीसकट.
फट अरुंद झाली की मालक तासभर आधी येतात
आणि कुणाला चहा सांगत नाहीत.
पोल्ट्रीवाला तुरकर म्हणतो,
माह्या कोंबड्या अन् तुमच्या मोटारी
एकाच ताटात जेवतेत.

तुसाचं तर विचारूच नका.
राइस मिलीच्या मागे डोंगर असायचे,
पोरं घसरगुंडी खेळायची.
हगरू मारबते फुकट भरून न्यायचा विटाभट्टीला,
वर मिलवाला त्याला बिडी द्यायचा,
जागा मोकळी केली म्हणून.
आता बॉयलरला तूस लागतं.
ताडपत्री पांघरून येतं, जणू आत कोणी झोपलंय.
हगरू परवा फाटकाशी उभा होता.
"कचऱ्याले भाव आला गा," म्हणाला,
"राखेचा का भाव हाये?"
राखेलाही होता.
मी सांगितला नाही.

आणि गेल्या आठवड्यात जैवंता पंधरे आली.
सायकलवर दोन पोती मका,
सायकल हातानं ढकलत, जंगलाकडच्या टोलीवरून, अकरा किलोमीटर.
गेटवाला हसला.
साठ टनांचा काटा,
दहा किलोच्या खालचं त्याला काही कळतच नाही.
चढा सायकलसकट, मी म्हटलं.

चढता चढता ती थबकली. नाक वर केलं.
"तिसरा दिवस हाये," म्हणाली.
मी आत फोन लावला.
टाकी आंबायला घालून अठ्ठावन्न तास झाले, मॅडम म्हणाल्या, का रे?
काही नाही, मी म्हटलं.
तिच्या टोलीत मोहाचा सडवा
असाच नाकानं मोजतात.
मागच्या होळीला तिची मडकी फोडली ज्या साहेबांनी,
त्यांचीच जीप महिन्यातून एकदा
आमच्या टाक्यांचं सील बघायला येते.
मी त्यांना सलाम करतो.

भरलेली : एकशे पन्नास.
पोती उतरवली.
ती सायकल धरून तशीच उभी.
साठ.
निव्वळ नव्वद.

चिठ्ठी तिनं उलटसुलट पाहिली.
"साठ काहून कापले जी?"
सायकल आणि तुम्ही. ते मालात धरत नाहीत.
"आनलं तं मीच."
ट्रकचंही कापतो, मी म्हटलं. ड्रायव्हरचंही. सगळ्यांचंच.
तिनं मान हलवली, पटल्यासारखी.
ते पटणं मला पाहवलं नाही,
मी उगाच शिक्क्याला शाई लावत बसलो.

टँकरचं मात्र उलटं असतं :
आधी रिकामा येतो, मग भरलेला जातो.
त्यातलंच थोडं पंपावरून फिरून
माझ्या जुन्या गाडीत येत असणार.
चढावर ती खोकते.
मी तिला शिव्या देत नाही, घरचंच आहे.

काल रात्री फाटक बंद झाल्यावर
मी काट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.
काचेतून आकडा दिसला, सत्तर.
आणि खाली, रिकाम्या चौकटीत,
वजा काय करायचं ते
मशीन विचारत राहिलं.