प्रतवारी

शनिवारी साडेअकराची वेळ दिली होती.
मी सव्वाअकरालाच पोचले, अर्धा खाडा टाकून.
शेडवर मुकादम म्हणाला, एवढ्याशा पोरीची कसली परीक्षा?
म्हटलं, परीक्षा नाही, भेट आहे.
चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं.

खुर्च्या सगळ्या पोरांच्या मापाच्या.
बसले तर गुडघे हनुवटीला आले.
समोर झांबरे मॅडम, त्याही तसल्याच खुर्चीत,
म्हणून जरा बरं वाटलं.
नखांत बेदाण्याचा चिकटा अजून होता,
हात ओढणीखाली घेतले.

मॅडमनी कार्ड उघडलं.
कात्री धरते: हो.
रांगेत थांबते: कधीकधी.
डबा स्वतः उघडते: हो, दुसऱ्यांचाही उघडून देते.
इथं मॅडम हसल्या.
मी हसायचं विसरले,
कारण माझी नजर आधीच खाली पोचली होती,
'रंग ओळखते'च्या पुढं.
लाल शाईनं नाही, पेन्सिलीनं,
उद्या खोडता येईल अशा बेतानं लिहिलेलं:
सरावाची गरज.

सहा वर्षं मी तासगावात बेदाणा निवडते.
पट्ट्यावरून माल येतो,
डोळा लवायच्या आत हात जातो.
हिरवा वेगळा, पिवळा वेगळा,
काळपट वेगळा, काडीचा वेगळा,
फुटका तर दिसायच्या आधी बोटांना कळतो.
शेडमधल्या कुणाचीही पोर रंगात कच्ची निघू दे,
माझी कशी निघेल?

मॅडम म्हणाल्या, मी पिवळं कार्ड दाखवलं,
तर ईश्वरी म्हणते, "ह्यो दोन नंबरचा."
हिरवं दाखवलं,
तर म्हणते, "ह्यो लांब जातो, दिल्लीला."
आणि तपकिरी?
मॅडम क्षणभर थांबल्या.
"ह्यो आमच्या घरी खायचा."

बाहेर व्हरांड्यात पुढची आई उभी होती,
हातात वही, वहीत प्रश्न लिहून आणलेले.
मी काहीच लिहून आणलं नव्हतं.
जे होतं ते सांगितलं.
सुट्टीच्या दिवशी तिला सोबत नेते,
पोत्यांच्या थप्पीजवळ बसते ती,
बायका गप्पा मारतात, ती ऐकते.
मॅडमनी खोडरबर उचललं.
कार्डावर नेलं.
मग तिथंच ठेवून दिलं.
"कळतंय हो मला. पण पुढं शाळेत रंगाचं नावच विचारतील ना."

खोटं नव्हतं.
रागही आला नाही, यायला हवा होता बहुतेक.
पस्तीस पोरं त्यांच्या वर्गात.
आम्ही तर एका मण्याला नीट बघतही नाही,
बघायचं नि टाकायचं, विचार करायचा नाही,
पहिल्याच दिवशी शिकवतात.
माझ्या पोरीला कुणीतरी दहा मिनिटं निरखलं होतं,
ती काय बोलली ते शब्दाला शब्द लक्षात ठेवलं होतं.
मी म्हटलं, घेते सराव.
खाली सही केली.
कार्डाच्या कोपऱ्याला अंगठ्याचा चिकट डाग पडला,
तो काही पुसला गेला नाही.

येताना गोपुरापाशी तिनं विचारलं,
"बाई काय म्हणाली?"
"म्हणाली, सगळ्यांचे डबे उघडून देतीस."
"मग? घट्ट असत्यात."

रात्री भांडी आवरून खडूंची पेटी काढली.
तिचा बाबा टेम्पो लावून आला, दारातच बसला बघत.
हा कुठला?
तिनं खडूकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं.
जरा वेळ घेतला.
"पिवळा."
हा?
"हिरवा."
आणि हा?
"तपकिरी."
एकदाही चुकली नाही.
म्हणजे येत होतं तिला,
कधीपासून, कुणाला ठाऊक.

मी शाबास म्हटलं, बाबानं टाळी दिली,
ती उड्या मारत पाणी प्यायला गेली.
आणि मला वाटलं,
पट्ट्यावरून आत्ताच काहीतरी पुढं गेलं,
चांगल्या मालातलं,
माझा हात पोचायच्या आत.