नमुन्याचा आठवडा

वर्षातून दोनदा आम्ही प्रश्न मोजतो.
एरवी ते येतात आणि जातात,
माणसं बुटांवरचा बर्फ चटईवर झाडतात, विचारतात,
मागे फक्त पाण्याचं थारोळं उरतं.
पण नोव्हेंबरातल्या या सात दिवसांत
प्रत्येक प्रश्नाला एक रेघ:
चार उभ्या, पाचवी तिरकी,
सरपणाची मोळी आवळावी तशी.

तक्त्यात रकाने तीन. दिशा, झटपट, संशोधन.
स्वच्छतागृह कुठे? दिशा.
प्रिंटरने नाणी का गिळली? याला रकाना नाही,
'झटपट'मध्ये ढकलते,
जरी त्यात माझा अर्धा तास गेला.
रॉयस म्हणतो, प्रश्न लिहीत बसू नकोस, रेघ मार.
नगरपालिकेला मजकूर नको, आकडा हवा.

तरी मी समासात लिहिते. पेन्सिलीने, बारीक.

सोमवार. ऐला रिंताला, हातात जुन्या पत्राची छायाप्रत:
'हे अक्षर र आहे की न?'
भिंग, दोन शब्दकोश, एक नकाशा. चौदा मिनिटं.
र निघाला, आणि त्यासरशी
पणजोबांचं गाव नदीच्या पलीकडे गेलं.
'म्हणजे वीस वर्षं आम्ही
भलत्याच चर्चच्या छपराला पैसे पाठवले!'
ती हसली. मग बराच वेळ नकाशाच बघत राहिली.

मंगळवारी शाळा बुडवून आलेला एक पोरगा:
'थंडीत साप मरतात, की नुसते थांबतात?'
थांबतात, मी म्हटलं, आणि पुस्तक काढायला उठले.
त्याला पुस्तक नको होतं.

फोनवर कुणी बाई:
'घरमालकाने हीटर बंद ठेवला तर किती दिवसांनी आपण...'
मागून दार वाजलं. फोन कट.
अर्धी रेघ कशी मारतात?

आणि दर गुरुवारी, तीनच्या ठोक्याला, ओरेस्ट हाव्रिलुक.
बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत चौतीस वर्षं काढलेला,
कानांत अजून पट्ट्यांची घरघर,
म्हणून ओरडून विचारतो, अख्खं वाचनालय ऐकतं:
'बहात्तर साली बंदरातला बर्फ कधी फुटला?'
मला उत्तर पाठ आहे.
तरी मायक्रोफिल्म लावते, चाक फिरवते,
लग्नं, लिलाव, गव्हाचे भाव सरकत जातात,
एप्रिल, सव्वीस.
तो तारीख तळहातावर लिहून घेतो,
मागच्या गुरुवारी लिहिली होती त्याच जागी.
कशासाठी, असं मी एकदाच विचारलं.
'भाऊ म्हणाला होता, अजून धरतोय बर्फ.'
एवढंच. टोपी घातली नि निघाला.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात
की पहिला प्रश्न खरा नसतो,
खरा त्याच्या मागे उभा असतो,
त्याला हळूच पुढे बोलवा, ओढू नका.
पुढे आला की बसवायचा कुठे,
ते मात्र शिकवत नाहीत.

या गुरुवारी तीन वाजले. सव्वातीन.
काचेपलीकडे सुपीरियर सरोवर शिशासारखं,
एक मालजहाज, बहुधा हंगामातलं शेवटचं.
रीळ मी आधीच काढून ठेवलं होतं.
साडेचारला दिवे लागले.
मग मीच चाक फिरवलं.
सव्वीस एप्रिल जागच्या जागी होती.
'झटपट'मध्ये एक रेघ मारली.
वेळ: दोन मिनिटं.
उत्तर मिळालं का? होय.

शनिवारी बेरीज झाली, तीनशे बारा.
या आकड्यावर ठरणार आहे म्हणे,
रविवारी आमची दारं उघडायची की नाही.
तीनशे अकरा खऱ्या.
समासातली पेन्सिल रॉयसने खोडरबराने पुसली,
झेरॉक्समध्ये डाग येतात म्हणून.

पुढच्या गुरुवारी ओरेस्ट आला,
गाल सुजलेला, दाढ काढलेली.
तोंड उघडेना, त्यामुळे पहिल्यांदाच
इतक्या हळू विचारलं
की टेबलावरून मला पुढे वाकावं लागलं.

तो आठवडा मोजणीचा नव्हता.