पसंतीक्रम

बाबांनी रकाने आखून दिलेत, लाल पेनाने,
पट्टी धरून, जिल्हा परिषदेतल्या सवयीने:
खाटा. स्टायपेंड. बॉन्ड. हॉस्टेल.
शेवटचा रुंद रकाना, त्यावर ‘शेरा’.
वाशीमहून निघताना पेनही खिशाला लावून दिलं.
म्हणाले, स्थळ बघायला जातात तशी जा.
चहाला हो म्हण, शब्द देऊ नकोस.

तर मी मुंबईत स्थळं बघते आहे.
एम.डी. मेडिसिन, सरकारी किंवा महापालिकेचं,
माझ्या रँककडे बघून दार लावून न घेणारं.

पहिल्या ठिकाणी फाटकावर विचारलं, पेशंट कोण?
कुणी नाही म्हटलं तर आत सोडेनात.
मग मी एक काका आजारी पाडले.
दगडी इमारत, छत इतकं उंच
की पंख्याचा वारा खाली येईपर्यंत शिळा होतो.
खाटांचा आकडा मिळाला.
दोन खाटांमध्ये जमिनीवर अंथरलेल्या गाद्या
कुठल्या रकान्यात लिहायच्या, ते बाबांनी सांगितलं नव्हतं.

दुसरीकडे हॉस्टेल नवं, लिफ्ट चालू.
मेसमधला मुलगा पोहे न चावता गिळत म्हणाला,
इमर्जन्सी आठवड्यातून दोनदा,
पण सर चांगले आहेत, म्हणजे
इंग्रजीत ओरडतात.
बॅचमध्ये चार होतो, आता तीन.
चौथ्याचं मी विचारलं नाही.
शेरा: पोहे बरे.

भायखळ्याला बस चुकीच्या बाजूची पकडली.
कंडक्टर म्हणाला, ताई, खिडकीतून काय बघताय,
इकडून समुद्र नाही लागत.
मी सावली शोधत होते. ऑक्टोबर
आमच्याकडेही भाजतो, पण कोरडा,
अंगाला हात न लावता.

तिसऱ्या ठिकाणी पुरुषांचा वॉर्ड, दुपारचे तीन.
ईसीजीच्या गाडीला टेकलेले डॉ. म्हापणकर,
डोळे उघडे, बाकीचा माणूस झोपलेला.
खाट सतरा: पुंजाजी खंडारे, मंगरूळपीर.
‘पोटात गोया उठते ना सायब.’
‘कुठल्या गोळ्या घेता? चिठ्ठी आहे?’
‘गोया. जेवलो का उठते.’
‘अहो बाबा, गोळ्यांचं नाव सांगा.’
चौथ्यांदा विचारल्यावर म्हाताऱ्याने
भिंतीकडे कूस वळवली.

साडेपाच वर्षं मेडिकलला
मी माझा ळ घासून घासून कमावला होता.
‘गोळा, सर,’ मी म्हटलं, ‘गोळा उठतो म्हणतायत.
आमच्याकडे ळ नसतो.’
म्हापणकरांनी वर पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला.
रेसिडेंटचा हात ओळखीचा असतो. मी पेन दिलं.
‘जेवल्यावर किती वेळाने, विचारा ना.’

मी कमावलेला ळ बाजूला ठेवला.
‘जेवल्याबरोबर उठते का काका, का घडीभरानं?’
घडीभरानं. मग सगळंच आलं: दिवाळीपासूनची भीती
की मुलगा वेचणी सोडून इथे बसलाय,
अन्न बघूनच पोटात धस्स होतं,
करदोड्याला दोनदा गाठ मारावी लागली.
म्हापणकर लाल अक्षरात भराभरा लिहीत होते.
‘कोनाची हायेस तू बाई?’
वाशीमची, म्हटलं.
‘मंग इथं काय करून राह्यली?’

तिसऱ्याचं हॉस्टेल बघायचं राहून गेलं.
गळतं म्हणे. स्टायपेंड कधी येतो, कुणी नीट सांगेना.

कांजूरला आत्याच्या स्वयंपाकघरात रात्री अकरा पन्नास,
फॉर्म बारापर्यंत.
पहिल्या चौकटीत तिसरं घातलं. मिळेल न मिळेल,
ते यादीच्या हातात.
बाबा फोनवर, तिकडे त्यांनीही एक प्रत आखलेली:
खाटा? भरपूर. बॉन्ड? सगळीकडे तोच.
हॉस्टेल? बरं आहे, म्हटलं.
‘आणि शेरा?’

कोरा आहे, बाबा.
पेन तिथेच राहिलं.