खालची तार

मिरज, जालना, नगर झालं.
ड्रमला गुंडाळलेली चादर मात्र इथलीच,
टेम्पोच्या टपावर माहेरी आल्यासारखी सैल पडलेली.

शाळेचं मैदान. रात्रीचे आठ, तरी ॲम्पचा हाताला चटका.
शद्रक तारा लावतो, उकाड्यानं त्या पुन्हा उतरतात.
नव्या अल्बमचे पेनड्राइव्ह टेबलावर, शंभराला एक,
शेजारी महिला मंडळाची शेंगाचटणी.
ती आधी संपली.

पाळकसाहेब घड्याळ बघतात :
दहाला बंद. आणि जरा उपासनेसारखं वाजवा.

आप्पा शेवटच्या रांगेत.
अडतीस वर्षं लूमवर, कान तिथंच ठेवून आले.
माझं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नाही.

तिसऱ्या गाण्यात मी बासची खालची तार धरली
आणि पाहिलं, त्यांनी चप्पल काढली,
अनवाणी पाऊल जमिनीवर टेकवलं,
धोटा अडकला की टेकवायचे तसं,
कुठं बिनसलंय ते तळव्यानं चाचपत.

प्रार्थना झाली, दिवे उतरले.
स्पीकर टेम्पोत चढवताना एवढंच म्हणाले,
"चौथ्यात एक धागा तुटला होता रे."

तुटलाच होता.
शद्रकला अजून सांगितलेलं नाही.
उद्या लातूर.