पाचवा ठिपका

पाषाणला आमची लॅब शांत होते ती साडेअकरानंतर.
सूस खिंडीकडचे डंपर विरळ होतात,
टेबलाची थरथर काट्यावरून उतरते,
आणि निम्हणमामा चिलरचं पाणी बघून
माझ्यामागे स्टूल ओढून बसतात.

पडद्यावर कॅल्शियमचे चार ठिपके, जांभळे.
दोन इकडे, दोन तिकडे,
मध्ये एकाच्या मापाची काळोखी जागा.
"दात पडलाय की एक."
पडला नाही, मामा. आहे तिथंच.
आमचा उजेड त्याला लागत नाही, इतकंच.

एकच रेणू. कॅल्शियमला बिलगलेला एक हायड्रोजन.
चार दांड्यांच्या मध्ये, अधांतरी,
कुठल्याच भिंतीला न टेकता गरगरतो
तो या खोलीच्याच उबेनं.
एसी बावीसवर आहे, तरीही
भिंती, नळ्या, माझं कपाळ, मामांचा स्वेटर,
सगळ्यांची थोडी थोडी धग पोचते त्याला.

म्हणून थांबायचं.
फिरता फिरता तो कधीतरी निवतो,
तेवढ्यात लेझरची टिचकी,
नेमक्या रंगाची, केसभर इकडेतिकडे नाही.
लागली तर तो शहारतो
आणि शेजारचे चौघे डुलतात.
त्याचं त्याला विचारता येत नाही.
चौघांवरून वाचायचं.

"आमच्या सुतारवाडीत तसंच होतं," मामा म्हणाले,
"पलीकडं भांडण पेटलं
की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या."

वहीत तेरा आकडे.
पहिले अकरा रोज तेच.
बाराव्यासाठी माझी तीन वर्षं गेली.
तेरावा पेन्सिलनं लिही, म्हणतात घारपुरे मॅडम.

तीन चाळीसला मधली जागा उजळली.
मामा स्टुलावरून उठलेच, "दिसला! अगं, दिसला!"

दिसला म्हणजे गेला, मामा.
हायड्रोजन सुटला. उरला तो नुसता कॅल्शियम,
बाकीच्या चौघांसारखा, लख्ख.

ते जरा वेळ पाचही ठिपके मोजत राहिले,
बोटानं, काचेला न शिवता.
मग थर्मासमधला उरलेला चहा
दोन झाकणांत सारखा ओतला.

मी वेळ लिहिली. वायूची झडप
पाव फेरा उघडली.
आता पाचातला कोणता विझतो
ते बघत बसलोय.